दुसऱ्याच्या घरी शिवायला बसताना

लग्नसराई आली की उरण तालुक्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचा पाय घरात ठरत नाही. करंजा, केगाव, नागाव, चिरनेर अशा गावांतून लग्नघरची बोलावणी येतात. दोन-तीन दिवस तिथेच बसून ब्लाउज, परकर, पोरीबाळींचे घागरे, साड्यांचे फॉल-बिडिंग उरकायचे असते. जानेवारी 2024 मध्ये लोकल उरणपर्यंत आल्यापासून नेरूळ-बेलापूरकडे कामाला जाणेही सोपे झाले आहे. काम वाढले ही चांगलीच गोष्ट. पण त्याबरोबर मान आखडणे, कंबर धरणे, पायाला मुंग्या येणे या तक्रारीही येतात आणि ऐन हंगामात चार दिवस अंथरूण धरले की तेवढी कमाई बुडते.

दोष बहुधा मशीनला दिला जातो. खरे कारण अनेकदा बुडाखाली असते. आपल्या घरी बाईने वर्षानुवर्षांच्या सवयीने एक स्टूल, एक उशी, एक जागा ठरवलेली असते. परक्या घरी मिळेल त्यावर बसावे लागते. त्यातही गंमत अशी, की यजमानीण जितकी अगत्यशील तितकी शिवणारीची अडचण मोठी. ‘बस गो, खाली नको बसू’ म्हणून ती घरातला मऊ सोफा किंवा पलंग पुढे करते. मऊ गादीत कंबर रुतते, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि मान पुढे येते. ताठ बसण्यापेक्षा पुढे वाकून बसल्यावर कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब अधिक पडतो. शिवाय माणसाचे डोके सुमारे साडेचार-पाच किलोचे असते. ते पुढे झुकले की त्याचा सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंना तासन्‌तास पेलावा लागतो. सोफा नम्रपणे नाकारावा, हे उत्तम.

शिवणारीच्या पिशवीत टेप असतोच. गावभरच्या बायकांची मापे ती घेते, पण स्वतःची दोन मापे कधी घेत नाही. ती आज घ्यावीत. पहिले माप, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचे. पाच फूट उंचीच्या बाईचे हे साधारण 15 इंच भरते. दुसरे माप, बसल्या जागेपासून कोपरापर्यंतचे. हात खांद्यापासून सैल सोडून कोपरात काटकोनात वाकवावा आणि मग मोजावे. हे 8 इंचांच्या आसपास येते. ही दोन्ही मापे वहीत लिहून ठेवावीत.

आता हिशेब पाहा. पुष्कळ घरांत मोटारीची मशीन जेवणाच्या टेबलावर मांडून देतात. टेबल 30 इंच उंच, त्यावर मशीनचा पाट आणखी दोन-तीन इंच वर. म्हणजे कापड सरकवायची जागा जमिनीपासून 32-33 इंचांवर गेली. बाई बसली 18 इंचांच्या खुर्चीवर, तर तिचे कोपर आले 26 इंचांवर. ही सहा-सात इंचांची तूट ती खांदे उचलून भरून काढते. दिवसभर खांदे उचलून धरल्यावर संध्याकाळी मानेपासून डोक्यापर्यंत कळा आल्या तर नवल नाही. कोपर मशीनच्या पाटाच्या पातळीला, फार तर इंच-दोन इंच खाली असावे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे.

उपाय घरातच असतात. मुलांच्या अभ्यासाचे बुटके टेबल असेल तर मशीन त्यावर हलवावी. नसेल तर खुर्चीवर गोधडीच्या घट्ट घड्या घालून बैठक चार इंच उचलावी. मात्र मग पाय अधांतरी लोंबतात, मांडीखाली खुर्चीची कड रुतते आणि पावले बधिर होतात. म्हणून पायाखाली लाकडी पाट किंवा विटा द्याव्यात. पायाने दाबायचे मोटारीचे बटण त्याच उंचीवर आणावे. फरशीवर ते पुढे पुढे सरकते आणि त्याच्या मागे बाईही सरकत जाते, तेव्हा त्याच्याखाली रबरी पायपुसणे अंथरावे. पायमशीनला बैठक थोडी उंच चालते, कारण तिचा पायटा मुळातच जमिनीपासून वर असतो.

लग्नघरी सगळ्यात जास्त मिळते ती मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची. ती गप्पा मारायला ठीक. तिची बैठक मागे उतरती असते आणि तिचे हात टेबलाला अडतात, त्यामुळे बाई कडेवर टेकून शिवते. मागच्या खोलगट भागात दुमडलेली चादर घालून बैठक सपाट करावी. त्यापेक्षा साधे लाकडी किंवा लोखंडी स्टूल बरे. पाठ टेकायला नाही म्हणून ते वाईट, असा समज आहे. पण मशीन चालवताना पाठ कोण टेकते? पाठ टेकायची ती मधल्या विसाव्यात, भिंतीला. बसताना नाक सुईसमोर असावे, मशीनच्या मध्यासमोर नव्हे. नाहीतर दिवसभर कंबर एका बाजूला पिळलेली राहते.

हातमशीन घेऊन जमिनीवर बसणाऱ्यांनी मशीन चौरंगावर ठेवावी आणि आपण पाटावर किंवा जाड घडीवर बसावे, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी भिडेखातर खाली बसू नये. तुरपाई, हुक, काजे हे हातकाम करताना मांडीवर उशी घ्यावी. काम डोळ्यांकडे आले पाहिजे, डोळे कामाकडे जाता कामा नयेत.

डोळ्यांवरून आठवले. चाळिशी उलटलेली कित्येक बाई खुर्ची नीट असूनही वाकते, कारण तिला टाका दिसत नसतो. तिने खुर्ची बदलण्याआधी चष्म्याचा नंबर काढून घ्यावा. उजव्या हाताने शिवणारीने उजेड डावीकडून येईल अशी खिडकीजवळची जागा मागावी, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

बैठक कितीही उत्तम असली तरी एकाच स्थितीत दोन तास बसणे शरीराला मानवत नाही. घड्याळाकडे कोण पाहणार? त्यापेक्षा बॉबिन संपली की उठायचे, असा नेम करावा. इस्त्री हाताशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 2023 पासून शिंप्यांनाही अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. मशीन आणि कात्री सगळ्यांना सुचते; स्टूल हेही अवजार आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, कमरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत उतरत असेल, तर बैठक बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवावे. पाय लुळा वाटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे यांत एक दिवसही दवडू नये.

आणखी एक गोष्ट, जी बायका सहसा बोलत नाहीत. परक्या घरी संडास-मोरी कुठे हे विचारायला नको म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. उरणच्या दमट हवेत घामाने आधीच पाणी गेलेले असते. त्यात लघवी तुंबवली की जळजळ आणि ताप मागे लागतो. मशीन मांडता मांडताच घरच्या बाईला बाजूला घेऊन हे विचारून घ्यावे आणि पाण्याचा तांब्या आपल्याजवळ मागून ठेवावा.