बोळक्यातला बाप

लांब, झुलत्या कल्ल्यांचा ब्रिसलनोज मासा घरच्या काचपेटीत पिल्लं देतो. अंडी सांभाळण्याचं काम मात्र तिथे आईकडे नसतं, बापाकडे असतं. आणि पेटीबाहेरच्या माणसांनी करायचं सर्वांत अवघड काम कोणतं? मधे न पडणं!

रात्रीचे साडेदहा. टीव्ही बंद झालेला, ओटा पुसून झालेला. हॉलमधल्या काचपेटीचा दिवाही मालवलेला. अशा वेळी घरातलं कुणीतरी, बहुधा उद्या ज्यांची परीक्षा आहे ते चिरंजीव, हातात टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसलेलं असतं. पेटीच्या कोपऱ्यात मातीचं एक बोळकं आडवं ठेवलंय. त्याच्या तोंडातून झिरमिरीत शेपटीचं टोक तेवढं बाहेर आलंय.

''बाबा, तीन दिवस झाले, हा बाहेरच आला नाही. काकडीसुद्धा खाल्ली नाही. मेला तर नसेल?''

''मेलेल्या माशाची शेपटी अशी हलते का रे? झोप आता.''

ब्रिसलनोज पाळणाऱ्या घरांत हा संवाद कधी ना कधी होतोच. बोळक्यातला मासा मेलेला नसतो, आजारीही नसतो. त्याच्या पोटाखाली नारिंगी-पिवळ्या अंड्यांचा एक घोस असतो आणि तो दिवसरात्र कल्ल्यांनी त्यावर वारा, म्हणजे पाणी, घालत असतो. हा मासा आई नव्हे, बाप असतो!

मिशा पुरुषांनाच!

ब्रिसलनोजचं शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस. मूळ गाव दक्षिण अमेरिका. अॅमेझॉन आणि आसपासच्या नद्यांमध्ये दगडांच्या कपारीत, पाण्यात पडलेल्या झाडांच्या ढोल्यांत तो राहतो. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. तोंड खालच्या बाजूला आणि पेल्यासारखं, त्यामुळे वाहत्या पाण्यातही दगडाला घट्ट चिकटून शेवाळ खरवडता येतं. गालांवर आकड्यांसारखे काटे. भांडण जुंपलं की ते बाहेर येतात. अँसिस्ट्रस हे नावही आकडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच पडलंय.

पण खरी ओळख नाकावरची. वयात आलेल्या नराच्या थोबाडावर फाटे फुटलेल्या मांसल मिशांचं जंगल उगवतं. मादीला त्या नसतात, किंवा असल्याच तर ओठाच्या कडेला चार-दोन बारीक केस असावेत तितक्याच. त्यामुळे नर कोण, मादी कोण हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

या मिशा कशासाठी? 1999 साली मार्क साबाज, जोनाथन आर्मब्रुस्टर आणि लॉरेन्स पेज या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञांनी एक गमतीदार तर्क मांडला. अंडी-पिल्लं सांभाळत बसलेला नर माद्यांना अधिक पसंत पडतो, कारण 'याला बाळं सांभाळता येतात' याचा तो पुरावाच. मग ज्याच्याकडे पिल्लं नाहीत त्या नरानं काय करावं? नाकावर पिल्लांसारख्या दिसणाऱ्या मिशा वळवळत ठेवाव्यात! म्हणजे अनुभव नसतानाही लेकुरवाळा असल्याचा आव. हा अजून तर्कच आहे, पण लग्नाच्या बाजारात बायोडेटा फुगवण्याची रीत फक्त माणसातच नाही, असं म्हणायला जागा आहे खरी.

झुलता पदर

लांब कल्ल्यांचा ब्रिसलनोज नदीत सापडत नाही. तो हौशी मत्स्यपालकांनी निवडून निवडून वाढवलेला प्रकार. शरीर तेच, चार-पाच इंचांचं, पण पाठीवरचा कल्ला, बाजूचे कल्ले आणि शेपटी अशी लांब की मासा काचेवर चिकटला तरी मागे जॉर्जेटचा पदर झुलतोय असं वाटावं. तपकिरी, अंगभर ठिपक्यांचा आणि पिवळसर, लाल डोळ्यांचा अशा रंगांतही तो मिळतो.

सौंदर्याची किंमत मोजावी लागतेच. हा मासा साध्या भावंडांपेक्षा संथ. टायगर बार्बसारखे कुरतडे शेजारी मिळाले तर आठवडाभरात पदराच्या चिंध्या. खडबडीत दगड नि धारदार कडांनीही कल्ले फाटतात आणि पाणी खराब असेल तर त्या जखमा चिघळतात. म्हणून टाकीत जे ठेवाल ते हात फिरवून पाहावं. आपल्या बोटाला टोचलं ते त्याच्या कल्ल्यालाही टोचणार.

एक गोष्ट जाणकार आवर्जून सांगतात. पिल्लं लांब कल्ल्यांची हवीत म्हणून आई-बाप दोन्ही तसेच असण्याची गरज नाही. लांब कल्ल्यांचा गुण प्रभावी आहे. एक जोडीदार लांब कल्ल्यांचा आणि दुसरा साधा असला तरी साधारण निम्मी पिल्लं लांब कल्ल्यांची निघतात. शिवाय जोडी दोन वेगळ्या घरांतली निवडता येते. एकाच विणीतल्या भावंडांची पिढ्यान्‌पिढ्या जोडी लावत गेलं तर वंश कमकुवत होतो, हा नियम इथेही चुकत नाही.

दुकानात फसगत

मुंबईत कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट, कोलकात्यात रविवारचा गॅलिफ स्ट्रीटचा बाजार, चेन्नईत कोळत्तूर ही रंगीत माशांच्या शौकिनांची ठिकाणं. तिथे 'सकर' मागितला की दुकानदार जो काळसर मासा पिशवीत घालून देतो तो बहुतेक वेळा ब्रिसलनोज नसतो. तो त्याचा थोरला चुलतभाऊ, टेरिगोप्लिक्थिस. लहानपणी दोघं सारखेच गोजिरे. पण थोरला पुढे दीड फुटापर्यंत वाढतो आणि घरच्या टाकीत वळायलाही जागा उरत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. पाठीवरच्या कल्ल्यातल्या काड्या मोजायच्या. पुढचा जाड काटा सोडून ब्रिसलनोजला 7 काड्या असतात, थोरल्याला 9 वा त्याहून अधिक, आणि तो कल्ला शिडासारखा उंच उभा राहतो. मोजेपर्यंत दुकानदार वैतागला तर वैतागू द्यावा. पुढची आठ-दहा वर्षं मासा आपल्याला सांभाळायचाय.

आधी पाणी, मग मासा

घाई ही या छंदाची पहिली शत्रू. शनिवारी टाकी आणली, रविवारी मासे सोडले आणि बुधवारी ते तरंगताना दिसले, असं अनेक घरांत होतं आणि दोष मात्र माशांना दिला जातो. माशांच्या विष्ठेतून, सडलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे जिवाणू त्याचं बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थांबायचं. फिल्टरचा स्पंजही नळाखाली खसाखसा धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा, नाहीतर उपयोगी जिवाणूही गटारात.

एका जोडीला 80 ते 100 लिटरची टाकी पुरते. पाणी 24 ते 27 अंश. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात ते सहज तिशीपार जातं. तेव्हा पाण्यावर पंख्याचा झोत ठेवावा, दिवा कमी वेळ लावावा आणि एअर पंप मुळीच बंद करू नये, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा छोटा पंप हवाच. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनचा बंदोबस्त केल्याशिवाय ते टाकीत ओतू नये. आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवावं किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरिन वापरावं.

जेवण मात्र आपल्याच फ्रिजमधलं. काकडीची जाड चकती, दोडका, दुधी, पालकाची पानं. नीट धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून थंड करायची आणि बुडावीत म्हणून स्टीलच्या चमच्याला अडकवून रात्री टाकीत सोडायची. सकाळी उरलेलं काढून घ्यायचं, नाहीतर पाणी नासतं. अधूनमधून माशांच्या खाद्याच्या बुडणाऱ्या गोळ्याही द्याव्यात. टाकीत दुकानातून आणलेला लाकडाचा ओंडका असला तर स्वारी त्यावरचा थर तासन्‌तास खरवडत बसते. 'हा मासा टाकी साफ करतो, त्याला वेगळं खायला लागत नाही' या समजुतीपायी कित्येक ब्रिसलनोज उपाशी मेलेत. काचेवरच्या शेवाळावर त्याचा संसार चालत नाही.

घर बापाचं, निवड आईची

साधारण वर्षाची झाली की जोडी वयात येते. आता लागतं ते घर. एका बाजूनं बंद, आत अंधार, रुंदी नराच्या अंगापेक्षा थोडीच जास्त. साधा मासा अगदी घट्ट बिळातही खूश असतो. लांब कल्ल्यांच्या नराला मात्र चार बोटं मोकळीक द्यावी, म्हणजे पदर घासत नाही. रंग न दिलेलं मातीचं बोळकं, कडा घासलेली करवंटी किंवा एक तोंड बंद केलेला पाइपचा तुकडा, काहीही चालतं. संक्रांतीला जास्तीचं आणलेलं, हळदकुंकू न लागलेलं सुगड अनेक नरांना पसंत पडलंय!

नर घर ताब्यात घेतो, तोंडानं घासून स्वच्छ करतो आणि दारात बसतो. अंड्यांनी पोट भरलेली मादी येते, पाहते, निघून जाते. पुन्हा येते. तिकडच्या नद्यांना पावसाळ्यात गार पाण्याचा लोंढा येतो. त्याची नक्कल म्हणून टाकीतलं पाव ते एक-तृतीयांश पाणी काढून त्याजागी दोन-तीन अंश गार पाणी हळूहळू घालतात. दोन-तीनदा असं केलं की बऱ्याचदा मुहूर्त लागतो. मादी आत जाते, 50 ते 100 अंडी छताला किंवा भिंतीला चिकटवते आणि बाहेर पडते. तिचं काम संपलं. पुन्हा आत डोकावली तर नर तिला चक्क हाकलून देतो.

ते दहा-बारा दिवस

अंडी फुटायला पाच दिवसांच्या आसपास लागतात, पाणी गार असेल तर जास्त. पिल्लं बाहेर येतात तेव्हा नुसती शेपटी आणि पोटाला बलकाची मोठी पिशवी. ती बोळक्याच्या भिंतीला तोंडानं चिकटून राहतात. पिशवी संपायला आणखी आठवडाभर. एवढा सगळा काळ बाप दारात. जेवण जवळजवळ बंद. कल्ल्यांची हालचाल अखंड, कारण ताजं पाणी खेळतं राहिलं नाही तर अंड्यांना बुरशी धरते. खराब झालेलं अंडं तो स्वतःच बाजूला काढतो.

आणि नेमक्या याच काळात घरात उत्साहाला उधाण येतं. शेजारच्या काकू बघायला येतात, टॉर्च मारला जातो, कुणीतरी बोळकं उचलून 'किती आहेत' ते मोजायला जातं. घाबरलेला नर अंडी सोडून देतो, कधी खाऊनही टाकतो. पहिलटकर बाप तर चिथावणी नसतानाही पहिली खेप वाया घालवतो. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो शिकतो.

अंड्यांचा घोस बाहेर पडलेला दिसला तरी सगळं संपलं असं नाही. नवीकोरी चहाची गाळणी टाकीच्या कडेला पाण्यात अडकवायची, घोस तिच्यात ठेवायचा आणि खाली हवेचा दगड सोडून बुडबुडे वर येऊ द्यायचे. बापाच्या कल्ल्यांचं काम एअर पंप करतो. बापाइतकं चोख नाही, पण बरीच अंडी वाचतात.

खरी परीक्षा नंतर

एके सकाळी काचेवर, पानांवर, ओंडक्यावर नखाएवढे ब्रिसलनोज चिकटलेले दिसतात. घरात पेढे वाटण्याची वेळ! पण सर्वाधिक पिल्लं मरतात ती इथून पुढे आणि कारणं दोनच, भूक आणि घाण. पिल्लांना सतत खायला लागतं, म्हणजे काकडी-पालक कायम टाकीत, म्हणजे पाणी लवकर खराब, म्हणजे रोज थोडं पाणी बदलणं. सहलीला जायचं असेल तर कुणाला तरी सांगून जावं लागतं. फिल्टर स्पंजचाच हवा, दुसरे फिल्टर पिल्लांना ओढून घेतात. सुरुवातीला सगळी सारखीच दिसतात. काही आठवड्यांत लांब कल्ल्यांची वेगळी उठून दिसू लागतात. दोन-अडीच महिन्यांत ती इंचभर होतात.

तोवर महिना-सव्वा महिन्यात बोळक्यात दुसरा घोस आलेला असतो! एकाची शंभर, शंभराची दोनशे. नातेवाईक, मित्र, सोसायटीतली मुलं, सगळ्यांना वाटून झाले, आता? दुकानदाराशी आधीच बोलून ठेवलेलं असलं तर प्रश्न सुटतो. नाहीतर बोळकंच काढून ठेवायचं. घर नाही तर सहसा अंडीही नाहीत. कुटुंबनियोजनाचा इतका सोपा उपाय माणसाला लाभलेला नाही.

पण जे करायचं नाही ते एकच. जास्त झालेले मासे विहिरीत, तलावात, नदीत सोडायचे नाहीत. सोडणाऱ्याला वाटतं, जीवदान दिलं, पुण्य लागलं. थोरल्या चुलतभावाबाबत नेमकं हेच घडलं. टाकीत मावेना म्हणून लोकांनी सोडलेले सकर मासे आज देशातल्या अनेक तळ्या-नद्यांत पसरलेत. 2020 साली वाराणसीजवळ गंगेतही असा मासा सापडला. आपल्या उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही आणि देशी माशांच्या अन्नावर, जागेवर तो हक्क सांगतो. एका घराची अडचण सुटली, पण कुणाच्या तरी चुलीवरचं गेलं. ब्रिसलनोज लहान आहे म्हणून त्याला वेगळा नियम नाही.

पिल्लं बाहेर पडली की एका रात्री नर बोळक्यातून निघतो. पोट खपाटीला गेलेलं, शेपटीचं टोक थोडं फाटलेलं. काकडीच्या चकतीवर तो असा तुटून पडतो की सालीची कडाच उरते. टॉर्चवाले चिरंजीव आईला हाक मारतात, ''आई, आला गं बाहेर! अजून एक चकती दे ना.''

आणि एरवी 'माणसांना पुरेना, तिथे माशांना कुठून काकडी' म्हणणारी आई मुकाट्यानं फ्रिज उघडते.