पेनड्राइव्ह भरला, तरी गाडीवर गाणं का वाजत नाही?

उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली, की देवळा तालुक्यातल्या रस्त्यांवर गाण्यांचा आवाज वाढतो. उमराण्याच्या बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरवर टेप असतो, मळ्यात डबा घेऊन जाणाऱ्या मोटारसायकलच्या हँडलखाली दोन छोटे स्पीकर असतात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे निघालेल्या भाविकांच्या गाड्यांवर अहिराणी गाणी वाजत असतात. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला ही सोबत लागतेच, आणि ती नीट मिळायला हवी.

काही वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानावर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची. कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये मोजायचे आणि गाणी घेऊन घरी यायचं. दुकानदाराला कोणत्या सेटवर काय चालतं ते सवयीने ठाऊक होतं. आता प्रत्येकजण आपली गाणी आपणच भरतो. काही मोबाइलमधली, काही जुन्या सीडीवरून काढलेली, काही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली. पेनड्राइव्ह लावला की चार गाणी वाजतात, पाचवं गाळलं जातं, सहाव्याला सेट गप्प होतो. मग सेट बिघडला म्हणून मेकॅनिककडे नेतात, नाहीतर नवा पेनड्राइव्ह आणतात. बहुतेक वेळा दोन्ही चांगले असतात. अडचण फाइलच्या प्रकारात असते.

गाडीवरच्या स्वस्त सेटमध्ये फाइल उलगडून तिचा आवाज करणारी एक छोटी चिप असते. तिला जे प्रकार कारखान्यात शिकवले, तेवढेच ती आयुष्यभर ओळखते. बहुतेक सेटना एमपी-थ्री येतं, काहींना त्यासोबत डब्ल्यूएमए किंवा वेव्ह. मोबाइलचं तसं नाही. त्याचं सॉफ्टवेअर सुधारत जातं, म्हणून एमफोरए, ओपस, फ्लॅक असं सगळं तो निमूट वाजवतो, आणि आपल्याला वाटतं की फाइल चांगली आहे तर ती कुठेही चालायला हवी.

एमपी-थ्री जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत आकाराला आलं. कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग हे त्यामागचं प्रमुख नाव. फाइलच्या नावापुढे लागणारी ही ओळख १९९५च्या जुलैमध्ये ठरली. त्यामागचा विचार फार सुंदर आहे. मोठ्या आवाजाच्या जवळपास असलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला? सीडीवरचं चार मिनिटांचं गाणं सुमारे ४२ एमबी जागा घेतं. तेच १९२ केबीपीएसच्या (केबीपीएस म्हणजे दर सेकंदाला साठवलेल्या माहितीचं माप) एमपी-थ्रीमध्ये पावणेसहा एमबीत मावतं. म्हणजे १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी अडीच हजारांहून जास्त गाणी बसतात.

आणि मोटारसायकलवर तर वारा आणि इंजिन स्वतःच बारीक आवाज झाकून टाकतात. ताशी ६० च्या वेगात १९२ आणि ३२० केबीपीएसमधला फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही. त्यामुळे गाडीसाठी १९२ पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी हेडफोन लावून कुमार गंधर्व ऐकायचे असतील, तर गोष्ट वेगळी.

तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या फाइल एमपी-थ्रीत आणायच्या. हे रूपांतर करताना पहिली चूक ठरलेली असते. फाइलच्या नावातला शेवटचा भाग खोडून तिथे एमपी-थ्री लिहिलं जातं. त्याने नाव बदलतं, आतला मजकूर तोच राहतो, आणि सेट पुन्हा गप्प. खरं रूपांतर सॉफ्टवेअरच करतं. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर त्याला पुरेसा आहे. त्यात ‘मीडिया’च्या यादीत ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ निवडायचं, फाइल द्यायची आणि प्रोफाइलमध्ये ‘ऑडिओ – एमपी-थ्री’ घ्यायचं. तिथे बहुधा १२८ केबीपीएस ठरवून ठेवलेलं असतं. शेजारच्या पान्याच्या चित्रावर क्लिक करून ते १९२ करायचं, सॅम्पल रेट ४४,१०० ठेवायचा. ९६,००० च्या स्टुडिओ दर्जाच्या फाइल काहींकडे असतात, पण एमपी-थ्रीची मर्यादाच ४८,००० आहे, त्यामुळे त्या खाली आणाव्याच लागतात. गाडीवर एकच स्पीकर जोडलेला असेल, तर चॅनेल दोनऐवजी एक करा. नाहीतर दुसऱ्या बाजूला ध्वनिमुद्रित झालेलं वाद्य किंवा आवाज ऐकूच येत नाही.

आधीच १२८ ची असलेली फाइल ३२० ची केली, तर जागा वाढते, दर्जा वाढत नाही. एकदा टाकून दिलेला आवाज परत येत नाही. म्हणून रूपांतर शक्यतो मूळ फाइलवरूनच करावं, सीडी असेल तर सीडीवरून. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी मात्र कुलूपबंद असतात. ती त्या अ‍ॅपमध्येच वाजतात, पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत. ती हवी असतील तर विकत मिळणारी फाइल किंवा सीडी घ्यावी.

फाइल बरोबर झाली, तरी पेनड्राइव्ह अडवू शकतो. जुन्या-नव्या स्वस्त सेटना बहुधा फॅट-३२ हीच रचना कळते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेला पेनड्राइव्ह त्यांना कोराच दिसतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपर्यंतच फॅट-३२ चा पर्याय मिळत आला आहे. म्हणून गाडीसाठी ६४ किंवा १२८ जीबीचा घेऊन पैसे घालवू नका, १६ किंवा ३२ चा घ्या. तोही बुटका असावा, कारण लांब पेनड्राइव्ह खड्ड्यांत हलून सॉकेट ढिलं करतो. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेवढं आधी बघा.

गाण्यांचा क्रम ही आणखी एक डोकेदुखी. बरेच सेट फाइलच्या नावाकडे पाहतच नाहीत. पेनड्राइव्हवर जी आधी उतरली, ती आधी वाजवतात. आरतीनंतर भारुड हवं असताना मध्येच लग्नाचं गाणं लागतं ते यामुळे. नावाआधी ००१, ००२ असे आकडे घाला आणि नव्याने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर त्याच क्रमाने कॉपी करा, म्हणजे दोन्ही तऱ्हेचे सेट सरळ चालतात. देवनागरी नावं छोट्या पडद्यावर चौकोन होऊन दिसतात, पण त्याने वाजण्यात बाधा येत नाही.

आता जिवाशी संबंधित गोष्ट. कॅसेटवरून उतरवलेलं जुनं भजन मऊ असतं आणि नवं डीजेचं गाणं कानठळ्या बसवणारं. भजन ऐकायला आवाज वाढवावा, तर पुढच्या गाण्याला तो घाईने कमी करावा लागतो. भावडबारीच्या घाटात वळणावर हात हँडलवरून काढून बटण शोधणं म्हणजे संकटाला बोलावणं. एमपीथ्रीगेन नावाचं फुकट सॉफ्टवेअर सगळ्या फाइलचा आवाज एका पातळीवर आणतं. ते गाणं पुन्हा दाबत नाही, फक्त आवाजाचा आकडा बदलतं, म्हणून दर्जाही घटत नाही. आणि पातळी एवढीच ठेवा, की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल.

सेटची जोडणी इग्निशनवरून आणि फ्यूज घालूनच करून घ्या. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची बॅटरी साधारण अडीच ते पाच अँपिअर-अवरची असते. गाडी बंद ठेवून मळ्यात दुपारभर गाणी लावली, तर संध्याकाळी स्टार्टर उचलत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरच्या आवाजांची. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आजोबांनी सप्ताहात म्हटलेला अभंग कुणीतरी मोबाइलवर टिपलेला असतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत असतो. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज बहुधा ओपस प्रकारचा असतो. गाडीचा सेट तो वाजवत नाही, म्हणून रूपांतर होतं, आणि काम झालं की मूळ फाइल खोडली जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज अभ्यासाला मिळतात. आपल्या घरातल्या ओव्यांसाठी बाहेरून कुणी येईलच असं नाही.

तेव्हा देवळ्यातल्या, उमराण्यातल्या, लोहोणेरातल्या वाचकांना एवढंच सांगणं आहे: गाडीसाठी हवी तितकी एमपी-थ्री करा, पण घरच्या माणसाचा आवाज ज्या फाइलमध्ये पहिल्यांदा टिपला गेला, ती फाइल खोडू नका. तिची एक प्रत संगणकावर आणि एक घरात ठेवलेल्या वेगळ्या पेनड्राइव्हवर आजच घ्या, आणि कोण म्हणतंय, कुठल्या गावी, कोणत्या साली, हे फाइलच्या नावातच लिहून ठेवा.