दिवेलागणीची पाच मिनिटे

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या ज्यांच्या मळ्यातून दिसतात, त्यांनीही पंपाला वीज येईल तेव्हा रात्री-अपरात्री उठून पाणी भरलेले आहे. अशा घरांतली ख्रिस्ती मंडळी मला विचारतात, "साहेब, रविवारी देवळात जातो, फेब्रुवारीत नाशिकरोडला बालयेशूच्या यात्रेला जातो. रोजच्या प्रार्थनेला सवड कोठून आणायची?"

जनावरांना वैरण घालायला आपण कधी सवड पाहतो का? वेळ झाली की उठतो. प्रार्थनेचेही तसेच आहे. तिला दिवसात एक खुंटी हवी.

फ्रान्समध्ये मिले नावाचा, शेतकऱ्याच्या घरात वाढलेला चित्रकार होऊन गेला. 'एंजलस' हे त्याचे १८५७ ते १८५९ या काळातले चित्र. बटाटे काढता काढता प्रार्थनेची घंटा झाली म्हणून नवराबायको जागीच मान लववून उभी आहेत. टोपली पायाशी, काटेफावडे मातीत रोवलेले. घरी जाऊन हातपाय धुऊन मग बसू, असे त्यांनी म्हटलेले नाही.

आपल्याकडची वाट तर याहून सोपी. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई, माहेर नाशिकजवळचे जलालपूर, १९०० साली त्यांच्या मागे आल्या. टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला टाळावर म्हणता येतील अशी भजने दिली. अक्षरओळख नसलेली आजीही ती निंदणी करताना म्हणू शकते.

तेव्हा दिवेलागणीला एक भजन, पोराने वाचलेल्या शास्त्राच्या चार ओळी, मग प्रत्येकाने आपल्या शब्दांत देवाशी बोलायचे. पाच मिनिटे पुरेत. मात्र बोलायचे ते खरे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मागणे आजच्या भाकरीचे आहे, आणि लगेच पुढे क्षमेचे. आपण नेमके तिथेच पुटपुटतो.

माझ्या माहितीतल्या एका घरी अवकाळी पावसाने द्राक्षांचे मणी तडकले, बाग गेली. घरधनी प्रार्थनेला बसेनासे झाले. बायको मात्र सासू आणि मुलांना घेऊन बसत राहिली. पुष्कळ दिवसांनी ते उंबऱ्यापाशी येऊन टेकले आणि शेवटी खाली मान घालून एक आकडा बोलले. सोसायटीचे कर्ज घरात ठाऊक होते. औषधांच्या दुकानातली उधारी कोणालाच ठाऊक नव्हती. मुलांसमोर बोलायला नको होते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ती रक्कम एकट्याने उरात बाळगणारे किती जण मी बांधावर पाहिले आहेत!

दुसऱ्या दिवशी नवराबायको वही घेऊन हिशेबाला बसली, मलाही बोलावले. थोडे क्षेत्र भाजीपाल्याकडे वळवले, दुकानदाराला हप्ते बांधून दिले. उधारी फिटायला तीन हंगाम लागले.

आता रात्री पाणी भरायचे असले की ते प्रार्थना लवकर उरकायला बघतात आणि आईचे भजन दोन कडव्यांवर थांबवतात. म्हातारीला ते मुळीच खपत नाही.