चामडी ट्रेकिंग बूट

चामडी ट्रेकिंग बूट हे डोंगराळ, खडकाळ व ओल्या वाटांवरील दीर्घ पायपिटीसाठी बनवलेले, घोट्यापर्यंत किंवा त्याहून उंच असलेले पादत्राण आहे. पाय कोरडा ठेवणे, घोट्याला आधार देणे आणि निसरड्या पृष्ठभागावर पकड मिळवून देणे ही त्याची मुख्य कार्ये होत. थंड हवामानात पाय दीर्घकाळ ओला राहिल्यास तापमान गोठणबिंदूच्या वर असूनही त्वचा, मज्जातंतू व रक्तवाहिन्यांना इजा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांमधील असंख्य सैनिकांना हा विकार जडला होता.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आल्प्समधील गिर्यारोहक तळव्याला लोखंडी खिळे ठोकलेले जड चामडी बूट वापरत. हे खिळे धातूचे असल्याने पायातील उष्णता बाहेर नेत. शिवाय कठीण कड्यांवर चढताना असे बूट काढून हलकी पादत्राणे घालावी लागत. १९३५ साली इटलीतील पुंता रासिका शिखरावर वादळात अडकून ६ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्या मोहिमेत सहभागी असलेले विताले ब्रामानी यांनी त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळवा विकसित केला व १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून ‘विब्राम’ हे नाव पडले. १९५४ मध्ये के२ शिखरावर प्रथम पोहोचलेल्या इटालियन पथकाच्या बुटांना हेच तळवे होते.

चामडे

कातड्याच्या बाहेरील थरातील तंतू सर्वांत घट्ट विणलेले असतात. हा थर न घासता राखलेले चामडे पाण्याला सर्वाधिक विरोध करते व टिकाऊ असते. ‘नुबक’ या प्रकारात बाहेरील पृष्ठभाग हलका घासून मखमली केलेला असतो. ‘स्वेड’ हे कातड्याच्या आतील बाजूचे चामडे असून ते मऊ व हलके असते, परंतु पाणी लवकर शोषते. शिवणीतून पाणी झिरपत असल्याने चांगल्या बुटात शिवणी कमी ठेवतात. बुटाची जीभही दोन्ही बाजूंनी घडीच्या चामड्याने जोडलेली असते, त्यामुळे नाड्यांच्या फटीतून पाणी आत येत नाही.

जलरोधक पडदा

१९६९ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांना टेफ्लॉन झटक्याने ताणल्यास सूक्ष्म छिद्रांचे पदार्थ तयार होते, असे आढळले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाहून लहान, पण बाष्पाच्या रेणूहून मोठी असतात. त्यामुळे बाहेरचे पाणी अडते आणि घामाची वाफ बाहेर पडते. ‘गोर-टेक्स’ या नावाने ओळखला जाणारा हा पडदा बुटात मोज्याच्या आकाराच्या अस्तरासारखा बसवतात.

मर्यादा

वरचे चामडे पूर्ण भिजल्यास पडदा शाबूत असूनही वाफ बाहेर पडू शकत नाही व पाय घामाने ओला होतो. ओढा ओलांडताना बुटाच्या तोंडातून पाणी शिरल्यास तोच पडदा ते आत अडकवून ठेवतो. म्हणूनच सह्याद्रीतील पावसाळ्यासारख्या उष्ण व अतिवृष्टीच्या परिस्थितीत पाण्याचा लवकर निचरा होणारी पादत्राणे अनेकदा अधिक सोयीची ठरतात.

अनेक बुटांच्या तळव्यातील मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील आर्द्रतेमुळे त्याचे हळूहळू विघटन होते. परिणामी काही वर्षे न वापरता ठेवलेले, नव्यासारखे दिसणारे बूटही वाटेत अचानक तळव्यापासून सुटू शकतात. त्यामुळे जुने बूट प्रवासापूर्वी तपासणे आवश्यक असते. शिवून बसवलेले तळवे बदलता येतात, पण असे बूट जड असतात.

निगा

वापरानंतर चिखल ओल्या कापडाने पुसून, आतील पट्टी काढून बूट सावलीत वाळवतात. ओल शोषण्यासाठी आत वर्तमानपत्राचा कागद कोंबतात. शेकोटीजवळ वाळवल्यास चामडे आकसून तडकते व डिंक सुटतो. कोरड्या पडलेल्या चामड्याला मेण लावतात. मात्र मेणाचा जाड थर वाफेचा मार्ग बंद करतो. नवे बूट आधी लहान अंतरांवर वापरून पायाला सरावाचे करून घेतात.