खासगी माहितीचे रक्षण

धरणगावच्या बाजारपेठेत पूर्वी गिऱ्हाइकाचे नाव व उधारी व्यापाऱ्याच्या खातेवहीत राही. ती वही सहसा दुकानाबाहेर जात नसे. आज दुकानात सांगितलेला मोबाइल क्रमांक क्षणार्धात परराज्यातील संगणकातही पोहोचू शकतो. म्हणून त्याच्या रक्षणास एका गावाचा वा राज्याचा नियम पुरत नाही. साऱ्या देशाचा कायदा लागतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. पुढे २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी, १८ वर्षांखालील मुलांबाबत ती पालकांकडून घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. मुलांनो, कोणी तुमची माहिती मागितली, तर ‘ती कशासाठी हवी?’ असे नम्रपणे विचारण्यास संकोचू नका.