लहान पेटीतला संगणक आणि उष्णतेची वाट

स्मरणिकेसाठी पालकांना व माजी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा वाकोल्यात राहणाऱ्या आम्हा काही माजी विद्यार्थ्यांना विषय शोधावा लागला नाही. दहावीनंतर आपला विद्यार्थी वसतिगृह सोडतो. येथे त्याला अभ्यासिका होती, ठरलेल्या वेळेची शांतता होती, वह्या-पुस्तके पसरण्यापुरते टेबल होते. घरी परतल्यावर त्याच्या वाट्याला दहा बाय बाराची खोली येते. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच झोपणे, आणि तेथेच महाविद्यालयाचा अभ्यास. तो अभ्यास आता संगणकावाचून होत नाही. जुन्या पद्धतीच्या उंच कॅबिनेटला जागा नसते, म्हणून अगदी लहान पेटीतल्या संगणकाची चौकशी पालक आमच्याकडे वारंवार करतात. तो फडताळाच्या एका कप्प्यात मावतो, सुटे भाग आणून जोडता येतो, आणि बिघडलाच तर एखादा भाग तेवढा बदलता येतो. हे सर्व खरे आहे. मात्र अशा पेटीचे कोडे केवळ जागेचे नसून उष्णतेचे असते. ते न जाणता घरातली साठवलेली रक्कम खर्च झाली, तर पहिल्याच उन्हाळ्यात यंत्र रडतखडत चालू लागते.

यंत्राचे भाग कोठे बसवायचे आणि त्यांची उष्णता कोठे न्यायची, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. आपल्या मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. प्रत्येक नलिकेत तापलेली तार असते, म्हणजे ती एक लहानशी शेगडीच. हा सारा संसार १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात मांडला होता आणि आतल्या मंडलांपर्यंत हात पोहोचावा म्हणून दोन्ही बाजूंना दारे होती. त्या सांगाड्याचे घनफळ काढले तर ते ३६० घनफूट, म्हणजे सुमारे १०,००० लिटर भरते. आज पालक आमच्यासमोर ज्या पेटीचे चित्र मोबाइलवर धरतात, ती जेमतेम पाच लिटरची असते. दोन हजारांश जागा! भाग आकसले, त्यांची कामाची गती अफाट वाढली. पण उष्णतेचा नियम मात्र तोच राहिला.

तो नियम सोपा आहे. संगणक जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढीच उष्णता तो देतो. शंभर वॅट वीज आत गेली की शंभर वॅट उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. पूर्वी घराघरांत असलेला शंभर वॅटचा पिवळा दिवा आठवावा. तो स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावले तर काय होईल, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. आता थोडे गणित करू. पेटीत शिरणारी हवा दहा अंशांनी तापून बाहेर पडावी, एवढी मुभा दिली, तर शंभर वॅट उष्णता वाहून नेण्यासाठी दर सेकंदाला सुमारे नऊ लिटर हवा लागते. पेटी पाच लिटरची. म्हणजे आतली सगळी हवा एका सेकंदात जवळजवळ दोनदा बदलली पाहिजे, आणि तीही भागांच्या, तारांच्या, जाळीच्या अडथळ्यांतून वाट काढत. पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. पेटीत बसल्यावर तो बराच घटतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पंखा हवा थंड करत नाही, तो ती हलवतो. त्यामुळे आतला कोणताही भाग खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. परदेशी परीक्षणांतले तापमानाचे आकडे बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतले असतात. आपल्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पस्तीस अंश सहज असतात, आणि पत्र्याखाली त्याहून अधिक. शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेने एप्रिल १९५२ मध्ये ४२.२ अंशांची नोंद केलेली आहे. तेव्हा त्या परीक्षणांतल्या प्रत्येक आकड्यात दहा-पंधरा अंश मिळवूनच तो वाचावा. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. ‘दुपारी संगणक संथ होतो, व्हायरस आला असावा,’ अशी तक्रार आमच्याकडे येते, तेव्हा अनेकदा दोष व्हायरसचा नसतो. दोष कोंडलेल्या हवेचा असतो.

म्हणून लहान पेटीसाठी भाग निवडताना वेगाचा आकडा पाहण्याआधी वॅटचा आकडा पाहावा. अभ्यास, लेखन, प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे, चलचित्रातील व्याख्याने यांसाठी ३५ ते ६५ वॅट श्रेणीचा प्रोसेसर पुरेसा आहे. हा छापील आकडा म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. काम वाढले की काही प्रोसेसर काही काळ त्याच्या दुप्पटही वीज ओढतात. पुष्कळ मदरबोर्डांच्या मूळ मांडणीत ही मर्यादा खाली आणण्याची सोय असते, ती अवश्य वापरावी. वेगाचे शेवटचे चार पैसे मिळवण्यासाठी उष्णतेचा रुपया मोजावा लागतो. तो वाचवला तर दैनंदिन कामात फरक फारसा जाणवत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाबाबत आमचे मत स्पष्ट आहे: एवढ्या पेटीत आणि एवढ्या खोलीत ते घालू नये. मुले नाराज होतील, होऊ द्यावीत.

मदरबोर्ड घ्यायचा तो मिनी-आयटीएक्स मापाचा. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ साली पुढे आणलेले हे माप १७ सेंटिमीटर चौरस आहे. विजेच्या पुरवठ्याचा प्रश्न अधिक गमतीचा. साधा एसएमपीएस १५ बाय १४ बाय ८.६ सेंटिमीटरचा असतो. तो एकटाच सुमारे १.८ लिटर जागा खातो, म्हणजे आपल्या पेटीची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. शिवाय विजेचे रूपांतर करताना तो स्वतःही तापतो. लॅपटॉपसारखा बाहेर राहणारा अडॅप्टर घेतला, तर जागाही सुटते आणि ती उष्णता मुळात पेटीत शिरतच नाही. कमी वॅटच्या यंत्राला आम्ही हाच मार्ग सुचवतो. मात्र अडॅप्टर गादीखाली किंवा कपड्यांच्या ढिगात दडपू नये.

प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरची उंची मिलिमीटरमध्ये मोजूनच घ्यावी. कूलरची कमाल उंची किती चालेल, हे पेटीच्या माहितीपत्रकात दिलेले असते; आणि ज्याचे माप त्या आकड्याशी तंतोतंत जुळते असा कूलर आम्ही घेत नाही. कारण पंख्याला हवा ओढण्यासाठी समोर मोकळी जागा लागते. पंखा सलग पत्र्याला चिकटून बसला तर तो फिरतो, आवाज करतो आणि हवा मात्र ओढत नाही. पेटीची ती बाजू जाळीदार असेल तर गोष्ट वेगळी. चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या दिसतात. त्या भरीव नसतात. आत अत्यल्प द्रव असतो. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा द्रव होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी परत येते. हे चक्र तांब्याच्या भरीव कांबीपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता वाहून नेते. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात तर उष्णता थेट द्रवाच्या साहाय्याने काढून घेतली जाते. तो विचार मोठ्या यंत्रांना शोभतो. फडताळातल्या पेटीत पंप आणि पाण्याच्या नळ्यांची कटकट कशाला?

पंख्यांच्या बाबतीत मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा लहान आणि वेगवान पंख्यापेक्षा केव्हाही बरा. हवा तेवढीच हलते, आवाज कमी होतो. एका खोलीत चार माणसे झोपलेली असताना पाचवा अभ्यास करत असतो, तेव्हा हा फरक किरकोळ राहत नाही. जागा अपुरी असल्यास २५ ऐवजी १५ मिलिमीटर जाडीचे पंखे मिळतात. त्यांचा जोर थोडा कमी असतो, पण नसण्यापेक्षा बरे. हवा कोठून येणार आणि कोठून जाणार, हे जोडणीपूर्वी कागदावर बाणांनी काढून पाहावे. दोन पंखे समोरासमोर हवा फेकत असतील तर ती आतच घुटमळते.

जोडणीचा क्रम हीही एक विद्याच आहे. लहान पेटी म्हणजे गर्दीच्या वेळची विरार लोकल. अंधेरीला उतरणाऱ्याने आधी आत शिरून कोपरा धरला की पुढची फजिती ठरलेली. मदरबोर्डच्या पाठीमागे बसणारी एसएसडी बोर्ड पेटीत जाण्यापूर्वीच लावावी. प्रोसेसरची वीजतार आणि समोरच्या बटणाच्या बारीक तारा कूलर बसवण्याआधी जोडाव्यात, कारण नंतर तेथे बोट जात नाही. सर्व भाग आधी पेटीबाहेर, कोरड्या पुठ्ठ्यावर जोडून यंत्र सुरू होते का ते पाहावे. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. उरलेल्या तारा पंख्यासमोर न आणता कडेला बांधाव्यात.

यानंतर वाकोल्याचा प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत अवघड आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वाकोला नाल्याकाठच्या घरांत पाणी कसे शिरले, हे ज्यांनी पाहिले ते संगणक जमिनीवर ठेवणार नाहीत. मग तो पोटमाळ्यावर जातो. तेथे पत्र्याखाली दिवसभराची उष्णता साठलेली असते. खाली पाणी आणि वर धग, अशा कात्रीत मध्यम उंचीवर भिंतीला लोखंडी फळी ठोकून, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून पेटी ठेवणे, एवढाच उपाय आम्हाला योग्य वाटतो. फळी गॅसच्या ओट्याच्या बाजूला नसावी. फोडणीचे तेलकट धूर आणि रस्त्यावरची धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर जमतो. तो फुंकरीने निघत नाही. काचेच्या बंद शोकेसमध्ये संगणक शोभतो, पण गुदमरतो. आणि पाहुणे येणार म्हणून चालू यंत्रावर भरतकामाचा रुमाल घालण्याची पद्धत माउलींनी कृपया सोडावी.

हवा आत येण्याच्या बाजूला बारीक जाळी लावून ती महिन्यातून एकदा धुवावी व पूर्ण वाळवून परत बसवावी. उबेला झुरळे येतात. रिकाम्या फटी जाळीने बंद केल्यास त्यांना अटकाव होतो. साफसफाईत हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून निकामी होऊ शकते. पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावे. त्याच्याच उबेने आतला ओलावा निघून जातो.

हवेची वाट नीट आहे की नाही, हे तपासण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. मे महिन्यातल्या दुपारी यंत्राला अर्धा तास भरपूर काम द्यावे आणि तापमान दाखवणाऱ्या एखाद्या मोफत प्रणालीत आकडा पाहावा. मग पेटीचे झाकण काढून पुन्हा तेच करावे. आकडा दोन-तीन अंशांनीच उतरला तर पेटी ठीक आहे. दहा अंशांनी उतरला तर दोष कूलरचा नाही. वाट अडली आहे, ती शोधावी.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, चक्कर मारावी. सांताक्रूझहून धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरले की बाजार जवळच आहे. कार्यालयांतून निघालेले, जाड पुस्तकाएवढे वापरलेले संगणक तेथे मिळतात. त्यांत बहुधा ३५ वॅटचा प्रोसेसर आणि बाहेरचा अडॅप्टर असतो, आणि भाग बसवण्याचे कोडे कारखान्यानेच सोडवलेले असते. घेताना ते दुकानात वीस मिनिटे चालू ठेवायला सांगावे, पंख्याच्या बाजूला कान लावावा, आणि मागच्या झरोक्यातून येणारी हवा हाताला गरम लागते का ते पाहावे. पंखा जोरात ओरडत असेल आणि हवा कोमटच असेल, तर आतली पेस्ट सुकलेली आहे किंवा पाती धुळीने भरली आहेत. दोन्ही कामे घरी होतात, तेव्हा तेवढी किंमत दुकानदाराकडून कमी करून घ्यावी.