छोट्या संगणकाला वाय-फायची जोड : कार्डाआधी जागा पाहा

अमरावती महापालिका क्षेत्रातील विद्यार्थ्यांना अकरावीचे ऑनलाइन प्रवेश नवे नाहीत. २०२५ पासून मात्र ही पद्धत राज्यभर लागू झाली आणि अकोल्यासारख्या शहरांतील पालकांनाही पसंतिक्रम भरण्यासाठी संगणकासमोर बसणे भाग पडले. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या तर पूर्वीपासूनच महाजालावर चालतात. मोबाइलच्या लहान पडद्यावर महाविद्यालयांची लांबलचक यादी वाचून क्रम लावणे त्रासाचे असते. त्यामुळे घरात एखादा संगणक असावा, ही गरज मध्यमवर्गीय कुटुंबांना नव्याने जाणवू लागली आहे.

या गरजेला परवडणारे उत्तर म्हणून सध्या छोट्या आकाराचे, वापरलेले डेस्कटॉप लोकप्रिय झाले आहेत. लेनोवोचे ‘टायनी’, डेलचे ‘मायक्रो’, एचपीचे ‘मिनी’ ही त्यांतील परिचित नावे. जाडजूड पुस्तकाएवढा हा डबा पडद्याच्या मागेही बसतो आणि वीजही कमी खातो. मोठ्या कार्यालयांनी काही वर्षे वापरून बदललेली ही यंत्रे दुरुस्त होऊन बाजारात येतात. घरी आणल्यावर मात्र अनेकांच्या लक्षात येते की, यात वाय-फायच नाही. हा बिघाड नव्हे. कार्यालयांत प्रत्येक टेबलापर्यंत केबल आलेली असते, शिवाय सुरक्षेच्या दृष्टीनेही अनेक संस्था बिनतारी जोडणी टाळतात. म्हणून ही यंत्रे मागवतानाच वाय-फायविना मागवली जातात. घरी राउटर एका खोलीत आणि संगणक दुसऱ्या खोलीत असला की, ही उणीव जाणवू लागते.

ती भरून काढणे अवघड नाही आणि फार खर्चाचेही नाही. परंतु घाईने घेतलेले कार्ड यंत्रात बसत नाही, बसले तर चालत नाही आणि चालले तरी वेग मिळत नाही, असे तिन्ही अनुभव येऊ शकतात. ते टाळायचे, तर आधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

२००५ सालचा धडा

छोटा डेस्कटॉप आणि वाय-फाय यांचे नाते जुने आहे. जानेवारी २००५ मध्ये अ‍ॅपल कंपनीने ‘मॅक मिनी’ हा चिमुकला संगणक बाजारात आणला. त्यात बिनतारी जोडणीची सोय ऐच्छिक होती. ती हवी असल्यास जादा पैसे मोजावे लागत. ज्यांनी ती आधी घेतली नाही, त्यांना नंतर डबा उघडावा लागे आणि त्यासाठी भिंतीला पुट्टी लावण्याचे पातळ पाते वापरले जाई. नुसते कार्ड आणूनही काम भागत नसे. ते बसवण्याची जोडपट्टी आणि अँटेनाही लागे. कार्ड हा संचाचा केवळ एक भाग असतो, हा धडा आजच्या छोट्या संगणकांनाही तितकाच लागू पडतो.

योगायोग असा की, त्याच महिन्यात भारतातही एक महत्त्वाचा निर्णय झाला. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त केली. अर्थात, त्यालाही मर्यादा घातली गेली. प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त एक वॅट आणि अँटेनाची उंची इमारतीच्या छतापासून पाच मीटरपर्यंत, असे बंधन होते. पुढे २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टाही खुला झाला. आज घरात राउटर लावण्यासाठी कुणाला परवाना काढावा लागत नाही, तो या निर्णयांमुळेच.

तीन मार्ग

छोट्या संगणकाला राउटरशी जोडण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला मार्ग यूएसबी डोंगलचा. काही शे रुपयांत मिळणारे हे बोटाच्या पेराएवढे उपकरण खोचले की काम झाले. यंत्र उघडावे लागत नाही. मात्र स्वस्त डोंगल बहुधा केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. खोक्यावर छापलेला वेग हा कागदोपत्री कमाल वेग असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्माही मिळेलच असे नाही. यूएसबी २.० या जोडणीची कागदावरची मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. तेव्हा अशा डोंगलवर हजारांच्या पुढचा आकडा छापलेला असेल, तर ग्राहकाने सावध व्हावे. घ्यायचाच तर दोन्ही पट्ट्यांवर चालणारा आणि बाहेर अँटेना असलेला डोंगल घ्यावा.

डोंगलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. यूएसबी ३.० जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात मांडले होते. छोट्या संगणकात सर्व जोडण्या एकमेकींना खेटून असतात. मागच्या बाजूस एका छिद्रात बाहेरची हार्ड डिस्क आणि शेजारच्या छिद्रात डोंगल असेल, तर वाय-फाय अकारण अडखळते. अशा वेळी एक-दीड मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने डोंगल दूर, मोकळ्या जागी आणला की, बराच फरक पडतो.

दुसरा मार्ग यंत्राच्या आत कार्ड बसवण्याचा. यात वेग व स्थैर्य अधिक मिळते, ब्लूटूथही सोबत येते आणि यूएसबीची जागा अडत नाही. खर्च मात्र वाढतो. कार्ड, अँटेना आणि तारा मिळून तो साधारणपणे हजार-दोन हजारांच्या घरात जातो.

तिसरा मार्ग जुनाच, तो म्हणजे केबल. राउटर शेजारच्या खोलीत असेल आणि भिंतीच्या कडेने तार नेता येत असेल, तर त्याहून भरवशाचे काही नाही. तांब्याची साधी नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि बहुतेक छोट्या संगणकांत सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे केबलचे छिद्र असतेच. भाड्याच्या घरात भिंतीला छिद्र पाडता येत नाही किंवा राउटर वरच्या मजल्यावर असतो, तेथे बिनतारी मार्ग निवडावा. केवळ टेबलावर तार दिसू नये म्हणून केबल नाकारणे शहाणपणाचे नाही.

कार्ड बसवताना

कार्डाचा मार्ग निवडल्यास खरेदीपूर्वी चार बाबी तपासाव्यात. पहिली, स्लॉटचा प्रकार. अलीकडच्या यंत्रांत ‘एम.२’ नावाचा स्लॉट असतो. वाय-फाय कार्ड २२ मिलिमीटर रुंद व ३० मिलिमीटर लांब असते; त्यासाठीच्या स्लॉटवर ‘ए’ किंवा ‘ई’ अशी खूण असते. शेजारचा लांब स्लॉट ‘एम’ प्रकारचा, म्हणजे साठवणुकीच्या डिस्कसाठीचा असतो. दोन्हींतील फट वेगळ्या जागी असल्यामुळे एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. त्याहून जुन्या यंत्रांत ‘मिनी पीसीआय एक्स्प्रेस’ नावाचा वेगळाच स्लॉट आढळतो.

दुसरी बाब कार्डाच्या जातीची. इंटेलची एएक्स २०० आणि एएक्स २१० ही कार्डे स्वयंपूर्ण असून योग्य स्लॉट असलेल्या बहुतेक यंत्रांत चालतात. एएक्स २०१ व एएक्स २११ दिसायला तशीच असतात. मात्र त्यांचे अर्धे काम संगणकाच्या मुख्य चिपसंचाकडून करून घेतले जाते, त्यामुळे ती ठरावीक इंटेल यंत्रांतच चालतात. एका अंकाच्या फरकाने पैसे वाया जातात, ते येथे. शिवाय काही जुनी यंत्रे कंपनीच्या यादीबाहेरचे कार्ड स्वीकारतच नाहीत. त्यामुळे विक्रेत्याला यंत्राचा नेमका मॉडेल क्रमांक सांगावा आणि कार्ड परत घेण्याची अट आधीच ठरवून घ्यावी.

तिसरी बाब अँटेनाची. छोट्या संगणकांचा डबा बहुधा धातूचा असतो आणि धातूच्या बंद पेटीतून लहरी बाहेर पडत नाहीत. म्हणून कार्डाला दोन बारीक तारा जोडून अँटेना डब्याबाहेर काढावा लागतो. अनेक मॉडेलांत त्यासाठी मागे झाकलेले छिद्र असते. अँटेना न जोडता नुसतेच कार्ड बसवले, तर राउटरजवळ जेमतेम संकेत मिळतो आणि ‘कार्ड खराब आहे’ असा गैरसमज होतो. तारांची टोके अतिशय नाजूक असतात. ती सरळ वरून, हलक्या हाताने दाबून बसवावीत. काम सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठ्याची पिन काढावी आणि अंगावरील स्थिर विजेचा भार उतरवण्यासाठी डब्याच्या धातूला हात लावून घ्यावा.

चौथी बाब ड्रायव्हरची. कार्ड ओळखणारी ही आज्ञावली महाजालावरून उतरवावी लागते आणि महाजाल तर अजून जोडलेलेच नसते. यावर सोपा उपाय आहे. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी तारेने संगणकाला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. मोबाइलचे इंटरनेट संगणकाला मिळते आणि ड्रायव्हर उतरवता येतो. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असेल, तर तेवढ्यापुरते हेच पुरेसे आहे. याच वेळी यंत्राची प्रणालीही पाहावी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र स्वस्त मिळाले, तरी ते महाजालाशी जोडताना याचा विचार व्हायला हवा.

वऱ्हाडातील भिंती आणि कूलर

कार्ड उत्तम असूनही वेग मिळत नाही, तेव्हा दोष बहुधा जागेत असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटर असते. लांब लहर भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचते. आखूड लहर अधिक माहिती वाहून नेते, पण लवकर थकते. लांब लहरींच्या याच गुणामुळे मेळघाटातील हरिसाल येथे राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्टने हाती घेतलेल्या ‘डिजिटल व्हिलेज’ प्रकल्पाच्या वेळी दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांतून इंटरनेट नेण्याच्या तंत्राची चर्चा झाली होती. जंगल असो वा घर, तत्त्व एकच. घरात त्याचा अर्थ एवढाच की, राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ आणि मध्ये दोन जाड भिंती असतील तर २.४ गिगाहर्ट्झ निवडावे.

अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या वस्त्यांतील जाड भिंती आणि नव्या इमारतींतील लोखंडी सळ्यांचे स्लॅब हे दोन्ही लहरींचे शत्रू. त्यात वऱ्हाडात आणखी एक अडथळा दर उन्हाळ्यात उभा राहतो, तो कूलरचा. पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की, खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर येतो. पत्रा लहरी परतवतो. टाकीतले पाणी आणि ओल्या ताट्या त्या शोषून घेतात. राउटर आणि संगणक यांच्यामधल्या सरळ रेषेत कूलर आला, तर हिवाळ्यात उत्तम चालणारे वाय-फाय उन्हाळ्यात मंदावू शकते. राउटर छातीच्या उंचीपेक्षा वर, मोकळ्या जागी ठेवणे आणि अँटेना कूलरच्या आड येणार नाही हे पाहणे, हा फुकटचा उपाय आहे. छोटा डबाही कूलरच्या दमट झोतात किंवा पडद्यामागे कोंडून ठेवू नये. त्यातला लहान पंखा उन्हाळ्यात आधीच थकलेला असतो.

खरेदीपूर्वी मोबाइलवर एक साधी चाचणी करावी. प्रथम राउटरजवळ उभे राहून वेग मोजावा. तेथेच तो कमी असेल, तर दोष सेवेचा आहे, कार्डाने काही बदलणार नाही. मग संगणकाच्या जागी वेग मोजावा. तेथे तो घसरत असेल, तर आधी राउटर हलवावा. दोन्हीकडे वेग चांगला असेल, तरच कार्ड किंवा डोंगलवर पैसे खर्च करावेत.

कुलूप हवेच

बिनतारी जोडणीची सीमा घराच्या भिंतीपाशी संपत नाही. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवला गेल्याचे तपासात उघड झाले आणि त्या घरातील रहिवाशाला चौकशीला सामोरे जावे लागले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना दिल्या. आज राउटरवर डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षा निवडावी, कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलावा आणि ‘डब्ल्यूईपी’ ही कालबाह्य पद्धत वापरूच नये. डोंगल फारच जुना असेल आणि नवी सुरक्षा त्याला झेपत नसेल, तर डोंगल बदलावा, सुरक्षा कमी करू नये.

छोटा संगणक घेणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच क्रम उलटा करू नये. आधी जागेची चाचणी, मग केबलचा विचार, त्यानंतर स्लॉट पाहून कार्ड अथवा डोंगल, आणि जोडणी होताच पासवर्ड. हे सारे प्रवेशफेरी सुरू होण्याच्या पंधरवडाभर आधी उरकलेले असावे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्वांचीच धावपळ सुरू असते. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याची वेळ येऊ नये.